टोचून घेणारे व न घेणारे

आमच्या घरांत एक गोष्ट तीन पिढ्या मोठ्या अभिमानानें सांगितली जात आली आहे. आम्हीं ती आजीच्या तोंडून ऐकली, आणि आजीनें ती आपल्या सासूबाईंच्या तोंडून ऐकली होती. इसवी सन १८९७ च्या फाल्गुन-चैत्राचा तो सुमार. पुण्यांत प्लेगानें कहर मांडला होता, आणि रँडसाहेबांच्या हुकुमानें गोरे सोजीर घरोघर झडत्या घेत फिरत होते. आजारी माणूस सांपडला कीं त्याची रवानगी इस्पितळांत, घरच्या मंडळींची छावणींत, आणि सामानाची पुष्कळदां होळींत. आमच्या पणजोबांचे धाकटे बंधु तेव्हां अकरा वर्षांचे होते. त्यांना ताप भरला, जांघेंत गांठ आली. सोजीर दिंडीदरवाजांतून आंत शिरल्याची वर्दी लागतांच पणजीनें त्यांना उचलून माळ्यावर नेलें, भाताच्या कणग्यांमागें निजविलें, आणि वरून घोंगड्या टाकल्या. झडती झाली, देवघरापर्यंत बूट वाजले, पण मुलगा कांहीं हातीं लागला नाहीं. "सोजिरांच्या हातावर तुरी दिल्या हो तुमच्या पणजीनें!" असें म्हणून आजी येथें थांबे, आणि आम्ही मुलें टाळ्या पिटीत असूं.

पुढचा भाग आजी हळू आवाजांत सांगे. तिसऱ्या दिवशीं तो मुलगा माळ्यावरच गेला, आणि पंधरवड्याच्या आंत घरांतील आणखी दोन माणसें गेलीं. दोन-तीन वर्षांनीं प्लेग पुन्हां आला तेव्हां टोचणी सुरू झालेली होती. हाफकिनसाहेबांनीं मुंबईंत ती लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजीं प्रथम स्वतःच्याच अंगांत टोचून घेतली होती. परंतु तींत मांसाचा अंश आहे अशी वदंता होती. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, ज्या सरकारचे बूट देवघरांत शिरले त्याच सरकारची सुई दंडांत कोण घेणार? पणजोबांनीं टोचून घेतलें नाहीं, घरांत कोणाला टोचूं दिलें नाहीं. पुढें पंजाबांतील मुलकोवाल या गांवीं ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं टोचलेल्या लोकांपैकीं १९ जण धनुर्वातानें दगावले. ती वार्ता पुण्यास पोंचली तेव्हां पणजोबांनीं ओटीवर बसून चार लोकांना ऐकूं जाईल अशा आवाजांत "मी सांगत नव्हतों?" असें म्हटलें म्हणतात. ठपका हाफकिनसाहेबांवर आला; दोष त्यांच्या लशीचा नव्हता असें ठरून ते १९०७ मध्यें मोकळे झाले. पण ही दुसरी वार्ता आमच्या ओटीपर्यंत कधीं आली नाहीं. निर्दोषत्वाच्या वार्तेला पाय थोडे असतात.

आम्ही पडलों संस्कृताचे मास्तर. आमचीं छत्तीस वर्षें शब्दरूपें आणि संधि शिकविण्यांत गेलीं. वैद्यकाशीं आमचा संबंध च्यवनप्राशापलीकडे कधीं गेला नाहीं. मग या विषयावर लेखणी कां उचलली असें वाचक विचारतील. कारण असें कीं, ज्या ओटीवर ती गोष्ट सांगितली जात असे त्याच ओटीवर बसून आम्हीं एके दिवशीं आफ्रिकेंतल्या एका शहराच्या लोकांना 'अडाणी' म्हटलें, आणि आमच्याच एका विद्यार्थ्यानें आम्हांला तेथल्या तेथें तोंडघशीं पाडलें.

हा विद्यार्थी उत्तर नायजेरियांतील कानो शहरीं एका कारखान्यांत हिशेबनीस आहे. गुरुपौर्णिमेस न चुकतां दूरध्वनि करतो, आणि दोन-तीन वर्षांनीं घरीं आला कीं भेटून जातो. सन २०१३ च्या मे महिन्यांत तो असाच आला होता. त्याच वर्षीं ८ फेब्रुवारीस कानोंत पोलिओचे थेंब पाजणाऱ्या नऊ स्त्रियांना बंदूकवाल्यांनीं गोळ्या घालून ठार केलें होतें. ती बातमी आम्हांला फार लागली होती, कारण पल्स पोलिओच्या कामावर मास्तरमंडळींना पाठवीत तेव्हां तीं पेटी गळ्यांत अडकवून आम्हीहि गल्लोगल्लीं फिरलों आहों. आम्ही म्हणालों, "काय अडाणी लोक रे हे! पोरांच्या पायांवर कुऱ्हाड घालून घेतात, आणि वर औषध पाजणाऱ्या बायांना मारतात!"

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, मारेकरी वेगळे आणि दार लावून घेणारे वेगळे. मारेकऱ्यांची बाजू मी घेणार नाहीं. पण दार लावून घेणाऱ्यांचें म्हणाल, तर तुमच्या त्या माळ्यावरच्या आजोबांची गोष्ट तुम्हींच आम्हांला आठवींत सांगितली होती. आम्हीं तेव्हां टाळ्या वाजवल्या होत्या."

यानंतर त्यानें जें सांगितलें, व त्यावरून आम्हीं मागाहून जें वाचून पाहिलें, तें येथें देतों.

आफ्रिकेच्या पश्चिमेस सेनेगालपासून पूर्वेस इथिओपियापर्यंत एक रुंद पट्टा आहे. तेथें कोरड्या ऋतूंत, वाळवंटावरचा धुळीचा वारा सुटला म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा एक ज्वर पसरतो. त्याला मेनिंजायटिस म्हणतात. सकाळीं खेळणारें मूल संध्याकाळीं मान ताठ होऊन पडतें, आणि वांचलें तरी कित्येकदां बहिरें होऊन वांचतें. १९९६-९७ या दोन वर्षांतल्या साथींत त्या पट्ट्यांत अडीच लाखांवर लोक आजारी पडले व पंचवीस हजार मेले. कानो शहर त्या साथींत होरपळत होतें. इस्पितळाच्या आवारांत पोरें जमिनीवर निजविलेलीं होतीं. त्याच वेळीं, सन १९९६ च्या एप्रिलांत, फायझर या अमेरिकन औषधी कंपनीचे डॉक्टर तेथें गेले आणि ट्रोव्हान नांवाच्या आपल्या नव्या औषधाची परीक्षा त्यांनीं दोनशें मुलांवर घेतली. निम्म्यांना नवें औषध दिलें, निम्म्यांना माहितींतलें. पांच मुलें या बाजूचीं गेलीं, सहा त्या बाजूचीं. कांहीं मुलें पुढें पांगळीं, बहिरीं, आंधळीं राहिलीं. कंपनीचें म्हणणें असें कीं हा रोगाचा परिणाम, औषधाचा नव्हे, आणि आकडे पाहिले तर तें सर्वस्वीं टाकाऊ आहे असें आम्हांलाहि म्हणवत नाहीं. परंतु आईबापांचें म्हणणें निराळेंच होतें. ते म्हणाले, ही परीक्षा आहे हें आम्हांला कोणी सांगितलेंच नाहीं. आम्ही समजलों कीं पोराला औषध देताहेत. सन २००० च्या डिसेंबरांत एका अमेरिकन वृत्तपत्रानें हें प्रकरण बाहेर काढलें. खटले झाले, दोष मान्य न करतां कंपनीनें २००९ मध्यें कानो राज्याशीं साडेसात कोटी डॉलरांची तडजोड केली.

आतां वाचकांनीं सालें जुळवून पाहावींत. बातमी फुटली २००० मध्यें. आणि २००३ मध्यें त्याच कानोच्या दारोदार गोरगरिबांच्या मुलांना थेंब पाजण्यासाठीं परदेशच्या पैशानें चाललेली पोलिओची मोहीम आली. एका धर्मसंस्थेचे पुढारी, जे स्वतः डॉक्टर होते, म्हणाले कीं या थेंबांत मुलींना वांझ करणारें द्रव्य मिसळलें आहे. तें खोटें होतें. परंतु ऐकणाऱ्यांच्या कानांत ट्रोव्हानचें नांव अजून घुमत होतें. कानो, कादुना व झांफारा या तीन राज्यांनीं मोहीम थांबविली. कानोनें तर जवळजवळ वर्षभर.

कारखान्याच्या फाटकावर एक वृद्ध पहारेकरी आहे. त्याला सारे 'मल्लम' म्हणतात. हौसा भाषेंत हें शिक्षकास, चार अक्षरें शिकलेल्या माणसास लावण्याचें मानाचें नांव आहे. तो गल्लींतल्या पोरांना संध्याकाळीं कुराण शिकवितो. म्हणजे आमचाच जातभाई. १९९६ च्या साथींत त्याचा धाकटा भाऊ गेला. त्यानें आमच्या विद्यार्थ्याला सांगितलें तें असें: "पोराला ताप आला म्हणून सरकारी दवाखान्यांत नेलें तर तेथें एक गोळी मिळत नाहीं. विहिरीला पाणी नाहीं म्हणून अर्ज केला तर कोणी येत नाहीं. आणि जो रोग मीं माझ्या गल्लींत एकदां पाहिला, त्याचें औषध घेऊन मात्र महिन्याआड साहेब दारांत उभा! फुकट! मग मला प्रश्न पडणार नाहीं काय, कीं ह्यांत ह्यांचें काय आहे?"

हें ऐकून आम्ही चपापलों. कारण पेटी गळ्यांत घेऊन आम्ही ज्या वस्तींत फिरलों तेथें एका बाईनें आम्हांला उंबऱ्यावरच अडविलें होतें. ती म्हणाली होती, "मास्तर, नळाला पाणी नाहीं म्हणून आम्ही चार वेळां गेलों, तेव्हां एक माणूस आला नाहीं. तुम्ही मात्र तिसऱ्यांदा आलात." आम्हीं तेव्हां तिला आडमुठी ठरवून वहींत तिच्या घरापुढें फुली केली होती. दोन बायका, एक कानोच्या वाऱ्याचीहि ओळख नसलेली, आणि एक पुरुष, त्या बाईचें नांवहि न ऐकलेला. पण प्रश्न एकच, अक्षरशः एकच. (दोन बायका असें लेखणीच्या ओघांत गेलें, एक बाई व एक मल्लम. मास्तराचें व्याकरण सुटलें तरी हिशेब सुटतो तो असा.)

जातां जातां एक शब्दाची गंमत सांगतों. पोलिओला हौसा भाषेंत 'शान इन्ना' म्हणतात. इन्ना ही एक स्त्रीरूप शक्ति, ती ज्याचे हातपाय शोषून घेते त्याला हा रोग होतो अशी समजूत. आमचे मित्र यावर हंसले. परंतु आपण ज्याला 'देवी' म्हणतों तो रोगच होता ना? आणि लस टोचण्याला आपले लोक 'देवी काढणें' म्हणत. इंग्रज डॉक्टर म्हणे रोगाला अटकाव करतो, आणि आपली आजी म्हणे कीं तो देवीला बाहेर काढतो. दोघांचेंहि समाधान एकाच सुईनें होत असे. आमच्या दंडावर देवीच्या दोन खुणा आहेत. त्या काढल्या तेव्हां सात दिवस घरांत फोडणी दिली नव्हती असें आई सांगे. हा अडाणीपणा खरा. पण त्यामुळें टोचणें थांबलें नाहीं. थांबतें तें दुसऱ्याच कारणानें.

अर्थात् यामुळें मल्लमचें म्हणणें बरोबर होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्याची किंमत मुलांनीं दिली. नायजेरियांतला पोलिओचा विषाणु तेथून निघून सुमारें वीस देशांत पोंचला. जेथून तो हद्दपार झाला होता तेथेंहि पुन्हां शिरला. दैवाची विचित्र लीला पहा. कानोच्या अधिकाऱ्यांनीं शेवटीं तोड काढली ती अशी कीं पाश्चात्य लस नको, मुसलमान देशाची आणा. म्हणून इंडोनेशियांत तयार झालेली लस मागविली आणि २००४ च्या जुलै अखेरीस मोहीम पुन्हां सुरू झाली. राज्यपाल इब्राहिम शेकरौ हे एके काळचे गणिताचे मास्तर. त्यांनीं आपल्या स्वतःच्या लहान मुलीला थेंब पाजून आरंभ केला. आणि २००५ च्या मार्चांत त्याच इंडोनेशियांत, दहा वर्षांनंतर, पोलिओचें पहिलें मूल सांपडलें. विषाणूचें कुळ तपासलें तर तें नायजेरियाचें! तेथें तीनशेंहून अधिक मुलें पांगळीं झालीं. ज्यांनीं लस पाठविली त्यांच्याच घरीं रोग गेला.

माळ्यावरचा मुलगा आमच्या गोष्टींत एकटाच मरत नाहीं; त्याच्यामागून आणखी दोघें जातात. आजी तें हळू आवाजांत सांगे तें कां, हें आम्हांला साठी उलटल्यावर कळलें.

पण आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट येथें संपत नव्हती. ज्या रोगानें हें सारें सुरू झालें त्या मेनिंजायटिसवर पुढें लस निघाली, आणि ती निघाली आपल्या हडपसरास, सीरम इन्स्टिट्यूटमध्यें. हिची जन्मकथा मोठी बोधप्रद आहे. मोठ्या कंपन्यांना या लशींत रस नव्हता. ज्यांना रोग होतो त्यांच्या खिशांत पैसा नाहीं, मग लस करावयाची कोणासाठीं? तेव्हां २००१ मध्यें जागतिक आरोग्य संघटना व एक अमेरिकन संस्था यांनीं एकत्र येऊन आधीं आफ्रिकेंतील आरोग्य अधिकाऱ्यांनाच विचारलें कीं तुम्हांला काय परवडेल? त्यांनीं सांगितलें, अर्ध्या डॉलरच्या वर जाऊं नका. न परवडणारी लस आम्हांला दाखवूंहि नका. म्हणजे किंमत आधीं ठरली आणि लस मागाहून झाली. कृति अमेरिकन सरकारी शास्त्रज्ञांची, कारखाना पुण्याचा, परीक्षा भारतांत व आफ्रिकेंत, लोकांना रीतसर सांगून. ६ डिसेंबर २०१० रोजीं बुर्किना फासो देशांत ती प्रथम दिली गेली, आणि त्या एका मोहिमेंत एक कोटीहून अधिक माणसांनीं टोचून घेतलें. पहांटेपासून रांगा. पुढें ती बर्फावांचूनहि चार दिवस टिकते असें ठरल्यामुळें सायकलीवरून खेड्यापाड्यांत जाऊं लागली. नायजेरियांतहि २०११ च्या अखेरीपासून ती गेली. पट्ट्यांतील तीस कोटींहून अधिक लोकांनीं ती घेतली, आणि ज्या 'अ' जातीच्या जंतूमुळें त्या मोठ्या साथी येत तो जवळजवळ नाहींसा झाला.

आमच्या विद्यार्थ्यानें मल्लमला विचारलें, "तुम्हीं घेतली काय?" मल्लम म्हणाला, "घेतली म्हणजे? नातवंडांना पाठीवर घेऊन सर्वांच्या आधीं जाऊन उभा राहिलों. त्या रोगाला मी ओळखतों." आमच्या विद्यार्थ्यानें बाटलीवरचें गांव त्याला सांगितलें आणि म्हटलें कीं तें माझें गांव. तेव्हांपासून मल्लम त्याला फाटकावर सलाम करण्याच्या ऐवजीं हात हातांत घेतो. हें सांगतांना आमच्या विद्यार्थ्याचा आवाज जरा जड झाला, आणि आम्हीं उगाच चहा आणावयास सांगितला.

तात्पर्य, लोक तेच, पट्टा तोच, सुई तीच. फरक पडला तो देणाऱ्यांत. नको असलेला रोग कोणता हें घेणाऱ्यानें ठरविलें, आणि आधीं विचारून किंमत ठरली. आम्हांला वाटतें, टोचून न घेणारा माणूस लशीची परीक्षा करीत नसतो. ती त्याला करतांच येत नाहीं, आम्हांलाहि येत नाहीं. तो परीक्षा करतो देणाऱ्या हाताची: हा हात पूर्वीं केव्हां आला होता, आणि बोलावलें तेव्हां कां आला नाहीं.

ह्या गोष्टीला सात-आठ वर्षें झालीं, आणि मग ती आमच्याच घरांत शिरली.

सन २०२० च्या सप्टेंबरांत आमच्या काकांना कोविड झाला. वय सत्त्याऐंशी. गाडी आली, अंगभर पांढरे झगे घातलेलीं माणसें आलीं आणि त्यांना घेऊन गेलीं. बाराव्या दिवशीं इस्पितळांतून निरोप आला. देह घरीं आला नाहीं. काकूंना तोंड पाहावयास मिळालें नाहीं; साठ वर्षांच्या संसाराचा शेवट दूरध्वनीवरच्या एका वाक्यांत झाला. इस्पितळाला आम्ही दोष देत नाहीं. तो काळच तसा होता. पण काकूंना कोण समजावणार?

१ मार्च २०२१ पासून साठीवरच्या लोकांना लस मिळूं लागली. आमच्या पेठेंतल्या केंद्रावर गर्दी नव्हती. आम्हीं घेतली, आमच्या कुटुंबानें घेतली. काकूंनीं साफ नकार दिला. आम्हीं त्यांना चरकापासून हाफकिनपर्यंत दाखले दिले, आवाज चढविला, पुतण्याच्या नात्यानें हट्टहि केला. काकू म्हणाल्या, "अरे, माझ्या माणसाचं तोंड दाखवलं नाहीं मला. आणि आतां दंड मागायला आलेत होय?" यावर छत्तीस वर्षांच्या अध्यापनांत आम्हांला उत्तर सुचलेलें नाहीं.

एक महिना गेला. एप्रिलाच्या आरंभीं पंचेचाळिशीवरच्यांची पाळी आली, आणि आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनीं लस घेतली. दुसऱ्या दिवशीं त्या काकूंपाशीं येऊन बसल्या. उपदेश कांहीं केला नाहीं. दंड दाखविला, रात्रीं ताप आला होता, अंग ठणकत होतें, हेंहि सांगितलें, आणि म्हणाल्या, "मी येते तुमच्याबरोबर. तिथं तुम्हांला एकटं सोडणार नाहीं." काकू उठून लुगडें बदलावयास गेल्या.

पण तोंवर लस संपली होती. १३ एप्रिल, गुढीपाडव्याचा दिवस. काकूंना रिक्षांतून नेलें तर केंद्राच्या दारावर 'लस शिल्लक नाहीं' अशी पाटी. आठवडाभर रोज पहांटे आम्हीं नंबर लावला तेव्हां कोठें मिळाली. मार्चांत लस होती तेव्हां विश्वास नव्हता, एप्रिलांत विश्वास आला तेव्हां लस नव्हती; ज्याला जगांत मोठमोठे अहवाल लिहितात तें सारें आमच्या एका वाड्यांत पांच आठवड्यांत घडून गेलें.

आमची ही अडचण लहानच. मोठी अशी कीं, गरीब देशांसाठीं जी संयुक्त योजना झाली होती तिचा मुख्य आधार हडपसरची हीच लस होती. घाना देशास पहिल्या सहा लाख मात्रा २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं येथूनच गेल्या. नायजेरियास मार्चांत सुमारें ३९ लाख. मार्चाच्या अखेरीस आपल्याकडे रोग पुन्हां बळावला, आणि बाहेर जाणारी लस थांबली. ती त्या योजनेला नोव्हेंबरापर्यंत पुन्हां मिळाली नाहीं. ह्याला आम्ही अन्याय म्हणूं शकत नाहीं. आमच्या काकूंची मात्रा त्याच थांबविलेल्या लशींतली असेल. परंतु ज्या देशांवर आमच्यासारखी वेळ आलेली नव्हती, ज्यांनीं आपल्या लोकसंख्येच्या कित्येक पट लस आधींच पैसे मोजून अडवून ठेवली होती, त्यांचें काय? युरोपाला जी मात्रा २.१६ डॉलरला पडली तीच दक्षिण आफ्रिकेला ५.२५ डॉलरला पडली, आणि ती विकली गेली पुण्याहूनच. कारण देण्यांत आलें कीं श्रीमंतांनीं संशोधनांत आधीं पैसा घातला होता. सावकारी हिशेबांत हें बसतें. आम्हांला तें गिळत नाहीं.

पुढें श्रीमंत देशांनीं दान दिलें. दानाविषयीं आपल्या शास्त्रांत देश, काल आणि पात्र हीं तीन पाहावयास सांगितलीं आहेत. येथें काल पाहिला गेला नाहीं. मुदत संपत आलेल्या बाटल्या जहाजांत व विमानांत चढल्या. नायजेरियानें २२ डिसेंबर २०२१ रोजीं अशा दहा लाखांहून अधिक मात्रा राजधानीबाहेर नेऊन नष्ट केल्या. त्यापूर्वीं मे महिन्यांत मलावी देशानें १९,६१० मात्रा भट्टींत जाळल्या होत्या, त्याहि सर्वांसमोर; हेतु हा कीं, शिळी लस आपल्याला टोचत नाहींत हें लोकांना दिसावें. त्या मात्रा पुण्याच्या होत्या. देशांत पोंचल्या तेव्हां मुदतीचे जेमतेम तीन आठवडे उरले होते. आणि ती मुदत संपली तो दिवस १३ एप्रिल २०२१, म्हणजे ज्या पाडव्याला आम्ही काकूंना घेऊन त्या पाटीपुढें उभे होतों तोच. त्या वर्षाच्या अखेरीस आफ्रिका खंडांत शेंकडा दहा लोकांनाहि पुरत्या मात्रा मिळालेल्या नव्हत्या; आणि तरी वर्तमानपत्रांत आम्हीं वाचलें कीं तेथील लोक लस घ्यावयास कचरतात.

मल्लमला कोविडची लस मिळाली ती २०२२ मध्यें. घेतलीत का म्हणून आमच्या विद्यार्थ्यानें विचारलें तर म्हणाला, "तुमच्या घरचें जेवण उरकल्यावर उष्टें वाढलेंत, तरी बसलों पंगतीला. म्हातारा झालों आहें, भांडायला अंगांत बळ नाहीं."

अलीकडे हडपसराहून मलेरियाची नवी लस जाऊं लागली आहे. कृति ऑक्सफर्डची, नांव आर-२१. २०२३ च्या ऑक्टोबरांत जागतिक संघटनेनें तिची शिफारस केली, आणि २०२४ च्या डिसेंबरांत नायजेरियाच्या केब्बी व बायेल्सा या दोन राज्यांत ती मुलांना देण्यास आरंभ झाला. मलेरियानें जगांत दर वर्षीं जवळजवळ सहा लाख माणसें मरतात, त्यांतलीं बहुतेक आफ्रिकेंतलीं, आणि त्यांतलीं बहुतेक पांच वर्षांच्या आंतलीं मुलें. २०२५ च्या पाडव्याला आमच्या विद्यार्थ्याचा दूरध्वनि आला. मल्लमला पणतू झाला आहे, आणि तो रोज फाटकावर एकच विचारतो कीं केब्बीला आली ती कानोला केव्हां येणार. तुमचे मास्तर त्या कारखान्याच्या गांवांतच राहतात ना, मग त्यांना म्हणावें चौकशी करा.

आमची त्या कारखान्याशीं ओळख म्हणजे सोलापूर रस्त्यानें जातांना एस. टी. च्या खिडकींतून दिसणारी भिंत. तरी आम्हीं हा निरोप काकूंना सांगितला. त्या आतां अठ्ठ्याऐंशींच्या आहेत, ऐकूं कमी येतें. दोनदां सांगावें लागलें. मग त्यांनीं विचारलें, "त्या पणतवाचं नांव काय ठेवलंय म्हणे?"

तें आम्हीं विचारलेंच नव्हतें. येत्या गुरुपौर्णिमेस विचारणार आहों.